इंग्रजी येत नाही, की सांगताच येत नाही?

अभियांत्रिकी महाविद्यालयांत प्लेसमेंटचा हंगाम आला, की आपल्याकडे एक जुना वाद नव्याने उकरला जातो. कंपन्यांकडून आलेली मंडळी म्हणतात, की मुलांना विषय येतो, पण त्यांच्याकडे ‘कम्युनिकेशन’ नाही. आणि कम्युनिकेशन म्हणजे नेमके काय असे विचारले, तर उत्तर फिरून फिरून इंग्रजीवरच येते. दुसऱ्या बाजूने तितक्याच तावातावाने सांगितले जाते, की परभाषेच्या ओझ्याखाली मुलांची बुद्धी दबते, तेव्हा अभियांत्रिकी मराठीतूनच शिकवा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या दुसऱ्या बाजूला बळ दिले; २०२१ मध्ये अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यता दिली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरूही झाला. तेव्हापासून वादाचा आवाज वाढला, खोली मात्र तसूभरही वाढली नाही. माझे म्हणणे असे, की इंग्रजी लागतेच आणि ते नीट न शिकवणे ही मुलांची फसवणूक आहे. परंतु नोकरीच्या दारात अडखळणाऱ्या मुलाचे मूळ दुखणे वेगळे आहे. स्वतः पाहिलेली, मोजलेली, जुळवलेली गोष्ट स्वतःच्या वाक्यांत दुसऱ्याला सांगण्याची वेळ त्याच्यावर चार वर्षांत एकदाही आलेली नसते. हे दुखणे तसेच ठेवून माध्यम बदलले काय आणि इंग्रजी संभाषणाचे वर्ग लावले काय, परिणाम सारखाच होणार.

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात नोकरी करताना अनेक वर्षे मी मुलाखतीच्या टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसलो आहे. एकदा नाशिक जिल्ह्यातला एक मुलगा समोर आला. कांदाचाळीतील तापमान आणि आर्द्रता मोजून शेतकऱ्याला इशारा देणारे यंत्र, हा त्याचा अंतिम वर्षाचा प्रकल्प. इशारा कोणत्या तापमानाला द्यायचा हे कसे ठरवले, असा साधा प्रश्न त्याला इंग्रजीत विचारला. तो अडखळला आणि सेन्सर क्लाउडला डेटा पाठवतो, एवढेच मोडक्या इंग्रजीत म्हणाला. माझ्या सहकाऱ्याला त्याची दया आली. तो म्हणाला, ‘अरे, मराठीत सांग.’ मुलाचा चेहरा सैलावला आणि त्याने सांगितले, ‘सर, सेन्सर क्लाउडला डेटा सेंड करतो.’ भाषा बदलूनही उत्तर जागचे हलले नव्हते. त्याच्यानंतर आलेला मुलगा शहरातल्या नामांकित इंग्रजी शाळेत शिकलेला होता. त्याने वस्तू उचलून ठेवणारा यांत्रिक हात केला होता आणि त्याबद्दल तो न थांबता पाच मिनिटे बोलला. रोबस्ट, स्केलेबल, ऑप्टिमाइझ्ड असे सगळे शब्द येऊन गेले. हा हात किती किलो उचलतो, असे विचारल्यावर मात्र एक लांबलचक, व्याकरणशुद्ध आणि संपूर्णपणे पोकळ वाक्य आले. नोकरी या दुसऱ्या मुलाला मिळाली. त्या निर्णयाचा मीही भागीदार होतो, हे कबूल करतो. पहिला मुलगा उठता उठता मी त्याला विचारले, की घरी चाळ आहे का आणि कांदा बिघडायला लागला हे कळते कसे? मग तो थांबेना. आधी वास येतो, मग खालच्या थराला पाणी सुटते, ढिगात हात खुपसला तर आत ऊब लागते, पावसाळी हवेत वारा न लागणारी बाजू आधी जाते, असे त्याने क्रमाने, कारणांसह सांगितले. यातले काहीच प्रकल्पाच्या अहवालात का नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘सर, रिपोर्टचा फॉरमॅट ठरलेला असतो.’

त्या फॉरमॅटविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या वादात त्याचा उल्लेख कोणीच करत नाही. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत विद्यार्थी चार वर्षांत हाताने किती लिहितो? प्रत्येक विषयाचे जर्नल, प्रत्येक प्रयोगाचा हेतू, साहित्य, सिद्धान्त, कृती, निरीक्षणे, निष्कर्ष. शेकडो पाने सहज होतात. यातले स्वतःचे वाक्य किती? जवळजवळ शून्य. गेल्या वर्षीच्या बॅचची फाइल मिळवायची, ती उतरवून काढायची, सबमिशनच्या आदल्या रात्री खोलीतल्या चौघांनी मिळून पाने वाटून घ्यायची आणि सकाळी सहीसाठी रांगेत उभे राहायचे, ही पद्धत आता सर्वमान्य झाली आहे. ड्रॉइंगच्या शीटला तर तिचे स्वतंत्र नाव आहे: जीटी (ग्लास ट्रेसिंग), म्हणजे काचेखाली दिवा लावून दुसऱ्याच्या रेषांवरून आपली पेन्सिल फिरवणे. निष्कर्षाच्या जागी सगळ्या वर्गाचे एकच वाक्य असते, की प्रयोग यशस्वीपणे पार पडला. प्रयोग फसला, काटा अडकला, आकडे सिद्धान्ताशी जुळले नाहीत, असे लिहिणाऱ्याची फाइल परत येते. म्हणजे ज्या एका ठिकाणी या मुलाला पाहिलेले सांगायची सवय लागली असती, तिथेच आपण त्याला पाहिलेले न सांगण्याची तालीम देतो. मग सातव्या सत्रात बाहेरून प्रशिक्षक बोलावून तीन दिवसांत ‘सॉफ्ट स्किल्स’ शिकवली जातात: हात कसा मिळवायचा, गटचर्चेत पहिले वाक्य कसे पकडायचे, ‘स्वतःबद्दल सांगा’ याला कोणते पाठ उत्तर द्यायचे. तीही एक जीटीच म्हणायची.

आता इंग्रजीच्या बाजूचे जे खरे आहे ते पूर्णपणे मान्य करू. अभियंत्याचे बहुतेक वाचन इंग्रजीत आहे आणि ते लवकर बदलणार नाही. काँक्रीटच्या कामाचे भारतीय मानक, आयएस ४५६, रोजच्या वापरात इंग्रजीतच वाचले जाते. बेअरिंगचा कॅटलॉग, नियंत्रकाचे मॅन्युअल, संगणकावर येणारा चूक दाखवणारा संदेश, पेटंट, शोधनिबंध हे सगळे इंग्रजीत असते. पदव्युत्तर शिक्षणाचे दार उघडणारी गेट परीक्षा फक्त इंग्रजीतून होते. हिंजवडीतल्या कंपनीचा ग्राहक अमेरिकेत किंवा जर्मनीत असेल, तर त्याच्याशी फोनवर बोलू न शकणारा अभियंता कंपनीला परवडत नाही, आणि त्यात कोणताही कट नाही. याहून कठोर उदाहरणही आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. दिल्लीत उतरण्यासाठी येणाऱ्या कझाक विमानाला पंधरा हजार फुटांवर थांबायचे होते; ते त्याखाली उतरले. चौकशीत कझाक वैमानिकांचे तोकडे इंग्रजी हा मुद्दा ठळकपणे पुढे आला. भाषेचा प्रश्न अस्मितेचा किंवा मुलाखतीत छाप पाडण्याचा असतो असे समजणाऱ्यांनी हा अपघात लक्षात ठेवावा. चुकीचे ऐकले तर माणसे मरतात.

परंतु याच क्षेत्राने या धोक्यावर काय उपाय केला, तेही पाहिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या आणि आंतरराष्ट्रीय कामासाठी चौथी पातळी किमान मानली. त्या चौथ्या पातळीवर उच्चारावर मातृभाषेची छाप असलेली चालते; तिने समजण्यात सतत अडथळा येऊ नये, एवढीच अट आहे. विमानाच्या देखभालीच्या पुस्तिकांचेही तसेच. जगभरातल्या ज्या तंत्रज्ञांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना त्या कळाव्यात, म्हणून युरोपातल्या विमान उद्योगाने १९८६ मध्ये ‘सोप्या’ तांत्रिक इंग्रजीचे नियम प्रसिद्ध केले. सर्वसाधारण शब्द सुमारे नऊशेच वापरायचे, एका शब्दाला एकच अर्थ ठेवायचा, कृती सांगणारे वाक्य वीस शब्दांच्या आत संपवायचे आणि एका वाक्यात एकच सूचना द्यायची. जिथे चुकीची किंमत सगळ्यात मोठी, तिथल्या लोकांनी इंग्रजी लहान आणि कोरडी करून घेतली. आपले वर्ग तीच भाषा फुगवायला शिकवतात: वाक्प्रचारांच्या याद्या, भारदस्त विशेषणे, परदेशी उच्चारांची नक्कल. अभियंत्याला इंग्रजी हवी, हे सिद्ध करणाऱ्यांनी कोणती इंग्रजी हवी याचे उत्तर अजून दिलेले नाही. डेटाशीट वाचून त्यातली मर्यादा शोधता येणे, बैठकीत काय ठरले ते पाच ओळींत लिहिता येणे, बिघाडाचा अहवाल कारणापर्यंत नेता येणे, आणि ‘मला हे समजले नाही, पुन्हा सांगा’ असे न लाजता म्हणता येणे, एवढे ज्याला जमते त्याचे इंग्रजी कामापुरते झाले. त्याला गटचर्चेत चमकता आले नाही, तरी बिघडत नाही.

शिवाय अस्खलित इंग्रजी असली की संवाद आपोआप साधतो, हे गृहीतक अभियांत्रिकीच्या इतिहासात टिकत नाही. १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतील कॅन्सस सिटीमधल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात दोन लोंबते पूल एकावर एक कोसळले आणि ११४ माणसे ठार झाली. मूळ आराखड्यात छतापासून निघणाऱ्या सलग पोलादी सळ्यांवर वरचा आणि खालचा असे दोन्ही पूल स्वतंत्रपणे टांगलेले होते. एवढी लांब, आटे पाडलेली सळई बसवणे त्रासाचे, म्हणून ती दोन तुकड्यांत करायचे ठरले: वरचा पूल छताला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. विहिरीत सोडलेला एक दोर दोन माणसांनी वरखाली धरला, तर प्रत्येकाच्या हातांवर आपापलेच वजन येते. खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरले, तर वरच्याच्या हातांवर दोघांचे वजन येते. वरच्या पुलाच्या जोडावर अगदी असाच दुप्पट भार आला. मूळ जोडही नियमाला अपुराच होता, हे नंतर उघड झाले. हा बदल कोणी सुचवला, फोनवर कोण कोणाला काय म्हणाले, हिशेब कोण करणार असे कोणाला वाटले होते, यावर पुढे मोठा वाद झाला. आराखड्यावर मात्र संमतीचा शिक्का उमटलेला होता. त्या फोनच्या दोन्ही टोकांना इंग्रजी ही रोजचीच भाषा होती. मंगळाच्या कक्षेत जाण्याऐवजी १९९९ मध्ये नष्ट झालेल्या अमेरिकन यानाचीही गोष्ट वेगळी नाही: एका गटाचे आकडे पौंडांच्या हिशेबात होते, दुसऱ्याने ते न्यूटनचे समजून वापरले, आणि एकक कोणते हे विचारावे असे वेळेवर कोणाला सुचले नाही. अशा चुका इंग्रजीच्या शिकवणीने टळणाऱ्या नाहीत. ‘या बदलाने भार किती झाला?’ आणि ‘हा आकडा कशात आहे?’ असे विचारायची सवय असेल, तर त्या कदाचित टळतात.

मग मराठी माध्यमवाल्यांचे बरोबर आहे का? त्यांच्या बाजूला एक भक्कम आणि जवळजवळ विसरला गेलेला पूर्वज आहे. मुंबईत १८२० च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस या लष्करी अभियंत्याच्या देखरेखीखाली अभियांत्रिकीचे शिक्षण देणारी एक संस्था चालत होती आणि तिच्यासाठी त्याने पंडितांच्या मदतीने गणिताची आणि भूमितीची मराठी पुस्तके करून घेतली होती. पुढे १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात माध्यमावरून कडाक्याचे भांडण झाले. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे न्यायाधीश इंग्रजीच्या बाजूचे, तर जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचा; जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह तिन्ही भारतीय सभासद जर्व्हिसच्या मागे उभे राहिले. मंडळातला अभियंता मराठीसाठी भांडत होता, हे मला फार बोलके वाटते. ज्याने कारागिरांकडून आणि हाताखालच्या माणसांकडून काम करून घेतलेले असते, त्याला माणूस कोणत्या भाषेत विचार करतो याची जाणीव न्यायासनावर बसलेल्यापेक्षा अधिक असणार. पण पेरींच्या बाजूलाही दोन वास्तव मुद्दे होते. देशी भाषांत पुरेशी पुस्तके नव्हती आणि खुद्द भारतीय पालकांनाच इंग्रजी हवे होते. पावणेदोनशे वर्षांनंतर आपण याच संवादाची उजळणी करत आहोत; फक्त वेश बदलले आहेत.

मराठी माध्यमाच्या समर्थनार्थ हमखास जपानचे नाव घेतले जाते. ते घेताना निम्मीच गोष्ट सांगितली जाते. १८७३ मध्ये टोकियोत हेन्री डायर या तरुण स्कॉटिश अभियंत्याच्या नेतृत्वाखाली जे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले, तिथले शिक्षण इंग्रजीतून होत असे. शिकवणारे ब्रिटिश, व्याख्याने इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत. तिथे शिकून बाहेर पडलेल्या जपानी अभियंत्यांनी प्रत्यक्ष कामे केली, त्यांतलेच काही पुढे शिक्षक झाले आणि मग विषय जपानीत आला. भाषांतर मंडळाने आधी परिभाषा घडवली आणि तिच्यातून अभियांत्रिकी निर्माण झाली, असा तो क्रम नाही. उलट उदाहरण आपल्या शेजारचे, किंबहुना मराठवाड्याच्या दृष्टीने घरचेच आहे. १९१८ मध्ये हैदराबादेत स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उर्दू हे उच्च शिक्षणाचे माध्यम केले, त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभा केला आणि विज्ञानापासून वैद्यकापर्यंतची पुस्तके उर्दूत आणली. प्रयत्न प्रामाणिक आणि प्रचंड होता. तरी १९४८ नंतर सत्ता बदलताच काही वर्षांतच ते माध्यम मावळले. शिवाय तिथे शिकणाऱ्या मराठी, तेलुगू आणि कन्नड मुलांना ती ‘देशी’ भाषा कितपत आपली होती? शासनाच्या आधारावर उभे केलेले माध्यम कारखान्यात, बाजारात, कार्यालयांत वापरले गेले नाही, तर पुस्तके कपाटात राहतात. आपल्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश कितीजणांच्या टेबलावर आहेत, याचा विचार करावा.

मराठीवाद्यांना आणखी एक प्रश्न टाळता येणार नाही, आणि तो माझ्या मते सगळ्यात अवघड आहे. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या कवितेत इंग्रजीला ‘माउली’ म्हटले. ज्यांना संस्कृतचे दार बंद होते आणि मराठी शाळेतही मागे बसवले जात होते, त्यांना या नव्या भाषेने निदान एक दार उघडे दाखवले. आजही गावातल्या शेतमजुराच्या मुलीला इंग्रजी म्हणजे संस्कृतीवरचे आक्रमण वाटत नाही. तिला ते पुण्याचे तिकीट वाटते. स्वतःच्या मुलांना इंग्रजी शाळेत घालून इतरांच्या मुलांना मराठी अभियांत्रिकीचा आग्रह करणाऱ्यांविषयी तिला संशय आला, तर तो रास्तच आहे. मराठी वर्गाची पदवी घेतलेल्याला पुढे दुय्यम मानले गेले, तर त्याची किंमत वाद घालणारे नव्हे, तीच मोजणार आहे.

तरीही मराठीला या प्रश्नातून वगळता येत नाही, आणि त्याचे कारण अस्मितेचे नाही. ज्या वर्षी ती कविता आली त्याच वर्षी पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, जो पुढे पुण्याचे प्रसिद्ध अभियांत्रिकी महाविद्यालय बनला. सार्वजनिक बांधकामांसाठी साहेबाच्या हाताखालचे दुय्यम अधिकारी तयार करणे, हा त्याचा हेतू होता. वरून आलेला हुकूम समजणे आणि तो खाली पोहोचवणे, एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा. माझा असा समज आहे, की आपल्या तांत्रिक शिक्षणाच्या हाडात ही घडण अजून शिल्लक आहे: समजून घे, उतरवून घे, प्रश्न विचारू नको. आजच्या अभियंत्याकडून मात्र वेगळे काही मागितले जाते. पदवी अभ्यासक्रमांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने पदवीधराच्या अंगी असाव्यात अशा बारा गोष्टींची जी यादी वर्षानुवर्षे वापरली, तिच्यात दहावी गोष्ट संवाद ही होती. अभियंत्यांच्या वर्तुळाशी आणि एकूण समाजाशी परिणामकारक संवाद साधता येणे, अहवाल आणि आराखड्यांची कागदपत्रे समजणे आणि लिहिता येणे, स्पष्ट सूचना देता आणि घेता येणे, असा तिचा आशय आहे. या संपूर्ण व्याख्येत इंग्रजी हा शब्दच येत नाही. समाजाशी म्हणजे कोणाशी? स्लॅब भरताना माल घट्ट आहे म्हणून मुकादम त्यात बादलीभर पाणी ओतायला निघतो, तेव्हा नव्या अभियंत्याला एका मिनिटात सांगता आले पाहिजे, की हे पाणी पुढे उडून जाईल, मागे पोकळ्या राहतील आणि ताकद उतरेल. भरून झाल्यावर किमान सात दिवस पाणी का मारायचे, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस का, हेही त्याला सांगायचे असते. समोरचा माणूस जालन्याचा असेल तर मराठीत, बिहारचा असेल तर हिंदीत. ‘कोडमध्ये लिहिले आहे’ म्हणून मुकादम ऐकत नाही. ओळंबा, गुण्या, पाणसळ हे गवंडीकामातले शब्द माहीत नसलेला स्थापत्य अभियंता साइटवर मुका असतो, मग त्याचे इंग्रजी कितीही छान असो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगर घडवणे हे निम्मे काम होते आणि तो पटवून देणे हे उरलेले निम्मे. कारखान्याचे स्वतःचे मराठी नियतकालिक १९२० मध्येच सुरू झाले. त्या काळात त्यांना कोणी सॉफ्ट स्किल्सचे वर्ग लावायला सांगितले नव्हते.

तेव्हा मराठी आणि इंग्रजी यांतली एक निवडा, असे म्हणणेच मला गैर वाटते. समजलेले पहिल्यांदा ज्या भाषेत सांगता येते त्या भाषेत मुलाने ते सांगावे, चुकावे, दुरुस्त व्हावे. आणि मग तेच इंग्रजीत, छोट्या वाक्यांत लिहावे. कांदाचाळीतल्या उबेविषयी ज्याला मराठीत चार मिनिटे बोलता येते, त्याला त्याचे इंग्रजीत अर्धे पान करायला शिकवणे हे काही महिन्यांचे काम आहे. ज्याच्याकडे त्या चार मिनिटांचा ऐवजच नाही, त्याला कोणतीही भाषा काय देणार? आता तर पत्र, अहवाल, सादरीकरण यांचे इंग्रजी चॅटजीपीटी क्षणात नीट करून देते, म्हणून भाषेचा प्रश्नच संपला असे म्हणणारेही भेटतात. व्याकरणाचा प्रश्न बराचसा हलका झाला हे खरे. पण बोल्ट किती आवळला होता आणि रात्रपाळीत यंत्राने नेमका कसला आवाज केला, हे त्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसालाच सांगावे लागते. गुळगुळीत इंग्रजी इतके स्वस्त झाल्यावर मुलाखतीत त्यालाच भाव देत राहणे हा भरती करणाऱ्यांचा आळस आहे. एका दिवसात तीनशे मुले चाळायची असतात, ही त्यांची अडचण मला ठाऊक आहे. मीही ती चाळणी वापरली आहे. पण एक साधा आराखडा हाती देऊन ‘यात काय चूक आहे ते अर्ध्या पानात, हव्या त्या भाषेत लिहा’ असे सांगायला गटचर्चेपेक्षा अधिक वेळ लागत नाही. इंग्रजी वेगळे तपासायचे असेल तर दोन पानी मॅन्युअल वाचायला देऊन तीन प्रश्न विचारावेत.

महाविद्यालयांकडे आले, की खरी अडचण उभी राहते, आणि ती भाषेची नाही. उतरवलेले जर्नल बंद करून प्रत्येक प्रयोगामागे विद्यार्थ्याने स्वतःचे अर्धे पान लिहावे, असे ठरवू: काय केले, काय दिसले, आकडे कुठे जुळले नाहीत, त्याचे कारण काय वाटते. पहिल्या वर्षी मराठीत चालेल, तिसऱ्या वर्षी इंग्रजीत हवे. ते अर्धे पान इंग्रजीच्या शिक्षकाने तपासून भागणार नाही, कारण निरीक्षण खरे की खोटे हे विषयाच्या शिक्षकालाच कळते. वीस जणांची बॅच आणि सत्राला दहा प्रयोग, म्हणजे दोनशे अर्धी पाने. एका शिक्षकाकडे अशा तीन बॅचेस असल्या तर सहाशे. सध्या तो शिक्षक सहाशे सह्या एका दुपारी उरकतो. सहाशे पाने वाचायची तर त्याला आठवड्याचे काही तास मोकळे हवेत, आणि खासगी महाविद्यालयांत निम्मे वर्ष प्रवेशांच्या मागे धावणाऱ्या किंवा तासिका तत्त्वावर नेमलेल्या शिक्षकाकडे ते नसतात. त्यातल्या अनेकांनी स्वतःही विद्यार्थी असताना असे एक पान लिहिलेले नाही, त्यामुळे आधी त्यांनाच ते लिहून पाहावे लागेल. मराठी माध्यमाला मान्यता देणारे परिपत्रक काढायला खर्च येत नाही आणि प्रशिक्षक बोलावून तीन दिवसांचा वर्ग घेण्याचा खर्च विद्यार्थ्याच्या शुल्कात मिसळून जातो. या सहाशे पानांचे तास मात्र कोणत्याही बाजूने अजून हिशेबात धरलेले नाहीत.